वाचकाचें नांव

ग्रंथपालाचा व्यवसाय निरुपद्रवी आहे, अशी आपणां सर्वांची समजूत असते. आपण पुस्तक मागावें, त्यानें तें कपाटांतून काढून द्यावें, नोंदवहींत नांव लिहून घ्यावें, मुदत उलटल्यास चार पैसे दंड करावा; यापलीकडे त्याचा-आपला व्यवहार जात नाहीं. यांत नीतिशास्त्रानें लक्ष घालण्याजोगें कांहीं असेल असें सहसा मनांत येत नाहीं. परंतु ती नोंदवही क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. कोणत्या मताची आपल्याला भुरळ पडूं लागली आहे, कोणता रोग जडल्याची धास्ती आपण मनांत बाळगून आहों, धर्माविषयीं कोणती शंका आपल्याला छळते आहे, हें घरच्या माणसांसही ठाऊक नसतें; त्या वहींत मात्र तें तारीखवार लिहिलेलें असतें. शांततेच्या काळीं या माहितीला गिऱ्हाईक नसतें. युद्ध आलें कीं तें दारांत उभें राहतें.

अमेरिकेंत तें १९४२ सालीं आलें. स्फोटक द्रव्यें, गुप्त शाई आणि सांकेतिक लिपी या विषयांवरील पुस्तकें सार्वजनिक ग्रंथालयांनीं देवघेवींतून काढावीं, आणि तीं मागणारांचीं नांवें एफ. बी. आय. या खात्यास कळवावीं, अशी मागणी युद्धखात्याकडून झाली. मागणीचीं हीं दोन अंगें एका दमांत उच्चारलीं गेलीं, तरी नैतिक दृष्ट्या तीं एका जातीचीं नाहींत, असें मला वाटतें.

पहिलें अंग जुनेंच होतें. १९१७ सालीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरल्यावर छावण्यांतील ग्रंथालयांसाठीं युद्धखात्यानें निषिद्ध पुस्तकांच्या याद्या काढल्या व ग्रंथपालांनीं त्या पाळल्या. गांवोगांवच्या ग्रंथालयांतून जर्मन पुस्तकें हद्दपार झालीं. कांहीं ठिकाणीं तीं जाळलींही गेलीं. वाईट याचें वाटतें कीं, पुष्कळदां हुकमाची वाटही कोणी पाहिली नाहीं. देशभक्तीच्या भरांत ग्रंथपालच पुढें सरसावले. पुढें १० मे १९३३ रोजीं बर्लिनमध्यें नाझी विद्यार्थ्यांनीं पुस्तकांची होळी पेटविली. तिच्या उजेडांत कित्येकांस आपलेंच जुनें कृत्य दिसलें असेल, तर नवल नाहीं. १९३९ सालीं अमेरिकन ग्रंथालय संघानें ग्रंथालयाच्या हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. पुस्तक निवडतांना लेखकाचा वंश, राष्ट्र वा मत आड येऊं देऊं नये, वादग्रस्त प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू वाचकास मिळाव्या, असा त्याचा आशय होता. त्याच सुमाराच्या नीतिसंहितेंत, वाचकाच्या संबंधांत कळलेली खाजगी माहिती ग्रंथपालानें गुप्त ठेवावी, असें एक लहानसें कलम होतें. जाहीरनाम्याचें नांव पुढें मोठें झालें. मला हें कलम अधिक मोलाचें वाटतें.

कारण पुस्तक काढून घेतलें म्हणजे वाचकाचें नुकसान होतें खरें, पण तें उघड होतें. कपाटांतली रिकामी जागा दिसते. वाचक विचारूं शकतो, भांडूं शकतो, वर्तमानपत्रांत लिहूं शकतो. नांव कळविलें जातें तें त्याच्या पाठीमागें. त्याला नम्रपणें नकार मिळतो, आणि संध्याकाळीं त्याचें नांव टपालांत पडतें. आणि नांव जाणार कोणाचें? खाणींत सुरुंग लावणाऱ्याचें, शेतांतले झाडांचे बुंधे उडवूं पाहणाऱ्या शेतकऱ्याचें, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचें, हेरकथा लिहूं इच्छिणाऱ्याचें. खरा घातपाती खोटें नांव सांगून मोकळा होईल.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. ग्रंथपाल आधीं नागरिक आहे. कदाचित् त्याचाच मुलगा समुद्रावर लढत असेल. एका कृतीवरून बाँब तयार होऊन एक जहाज बुडालें, तर त्याचें तत्त्व कोणत्या आईचें सांत्वन करील? एखाद्या विशिष्ट माणसावर सकारण संशय आहे, न्यायाधीशाचा हुकूम आहे, अशा वेळीं वही उघडण्यास मी हरकत घेणार नाहीं. परंतु येथें क्रम उलटा आहे. संशयावरून वाचनाकडे न जातां वाचनावरून संशय निर्माण करावयाचा आहे. जिज्ञासा हाच पुरावा ठरला, तर निरपराधी माणूसच प्रथम विचारणें सोडतो; गमावण्यासारखें त्याच्यापाशींच अधिक असतें.

आणखी एक गोष्ट. त्याच वर्षीं अमेरिकन प्रकाशकांनीं व ग्रंथपालांनीं स्थापिलेल्या युद्धकालीन मंडळानें, पुस्तकें हीं विचारांच्या युद्धांतलीं शस्त्रें आहेत, असें ब्रीद घेतलें. या मंडळानें १९४३ ते १९४७ या काळांत सैनिकांस खिशांत मावतील अशीं बारा कोटींहून अधिक पुस्तकें पुरविलीं. हें कार्य थोर होतें. पण उपमा फसवी होती. पुस्तकाला शस्त्र म्हटलें कीं शस्त्र बाळगणारांची यादी मागण्याचा हक्क सरकारास आपोआप मिळतो. तक्रार कोणत्या तोंडानें करावी?

हा प्रश्न १९४५ सालीं संपला नाहीं. २००५ सालीं कनेक्टिकट राज्यांतील चौघां ग्रंथपालांकडे अशीच माहिती मागण्यांत आली, व मागणीचा उच्चारही करूं नये, अशी बंदी घालण्यांत आली. ते न्यायालयांत गेले. दुसऱ्या वर्षीं बंदी उठली.

त्या १९४२ सालींच सॅन डिएगोच्या ग्रंथालयांत क्लारा ब्रीड या बाई मुलांचा विभाग पाहत होत्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारें एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांस घरांतून उठवून छावण्यांत नेण्याचा हुकूम झाला होता. त्यांपैकीं बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. त्यांत बाईंचे लहान वाचकही होते. एप्रिलमध्यें मुलें आगगाडींत बसण्याच्या वेळीं बाई स्टेशनवर गेल्या, आणि तिकीट लावून आपला पत्ता लिहिलेलीं कार्डें त्यांनीं मुलांना वाटलीं. मुलें प्रथम सांता अनीता येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, नंतर ॲरिझोनाच्या वाळवंटांतील पोस्टन येथें गेलीं. बाई पुस्तकें पाठवीत राहिल्या, आणि हें कार्य अन्यायाचें आहे असें त्यांनीं छापून प्रसिद्धही केलें. त्यांच्यापाशींही मुलांच्या नांवांची यादी होती, आणि पार्सलांवर त्या तींच नांवें लिहीत असत. मुलांनीं पाठविलेलीं पत्रें लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन संग्रहालयांत जपून ठेविलेलीं आहेत. त्यांत पुस्तकांबरोबर साबण आणि शिवणाचें सामानही मागितलेलें आहे.