पत्र्याचा डबा

कार्थेजच्या तेर्तुलियनने इसवी सन २००च्या सुमारास सहनशीलतेवर एक छोटासा ग्रंथ लिहिला. आरंभीच त्याने कबुली देऊन टाकली आहे, की जो गुण आपल्या अंगी नाही त्यावर लिहिण्याचे धाडस आपण करीत आहोत. आजारी माणसाला आरोग्याचे गोडवे गाण्यावाचून राहवत नाही, तसे आपले झाले आहे. हा लेख लिहायला बसताना मला त्या कबुलीचा मोठा आधार वाटतो. कारण मी माझ्या नातवाला धीर धरायला शिकवण्याचा विडा उचलला, आणि त्या शिकवणीत नापास कोण झाले हे वाचकांनी पुढे पाहावे.

नातू तेव्हा सातवीत होता. वर्गातल्या तिघांच्या मनगटावर स्मार्ट वॉच आले आणि त्याचे जेवणावरचे लक्ष उडाले. हे घड्याळ पावले मोजते, काळजाचे ठोके सांगते आणि फोन आला की मनगटावर थरथरते. ज्याच्याजवळ स्वतःचा फोनच नाही त्याला फोन आल्याची वर्दी कशाला हवी, हे मी त्याला विचारले नाही. हवेपणाला तर्क लागत नाही. मला पहिले घड्याळ हवेसे झाले तेव्हा मला तरी कुठे वेळेवर पोहोचायचे होते?

किंमत होती तीन हजार सहाशे. मुलाचा बाप, म्हणजे माझा मुलगा, खिशातून मोबाइल काढून तिथल्या तिथे ते मागवायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. म्हटले, याला थोडे थांबू दे. अर्धे पैसे याने साठवावेत, अर्धे मी घालीन. दर महिन्याचे शंभर रुपये, नाताळात नातेवाईक देतील ते, असे करीत अठराशे झाले की घड्याळ. बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा शोधून काढला आणि तो माझ्या कपाटात सुरक्षित राहील असे ठरवले. 'सुरक्षित' हा शब्द माझाच.

डब्यात पहिले शंभर पडले त्याच रात्री त्याने विचारले, "आजोबा, डॅडींनी त्यांच्या फोनसाठी किती महिने पैसे साठवले?"

त्याच्या डॅडींनी एक दिवसही साठवलेले नव्हते. फोन आधी घरात आला होता आणि त्याचे हप्ते अजून जात होते. मोठ्यांनी आधी घ्यायचे आणि मग फेडायचे; लहानांनी आधी साठवायचे आणि मग घ्यायचे. हा भेद मला त्या क्षणापर्यंत दिसलाही नव्हता. मी "मोठा झालास की कळेल" असे म्हणालो. हे वाक्य माणसे उत्तर नसताना वापरतात, हे त्याला बहुधा तेव्हाच ठाऊक असावे.

त्या प्रश्नाने मला एका जुन्या शंकेशी आणून उभे केले. घरात पैसे आहेत, वस्तू परवडते, तरी मुलाला मुद्दाम थांबवायचे, हे कितपत सचोटीचे? आमच्या लहानपणी आम्हाला कोणी थांबायला शिकवले नाही, टंचाईनेच थांबवले. टेलिफोनसाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. बजाज चेतकसाठी नाव नोंदवले तेव्हा तान्हे असलेले पोर स्कूटर दारात येईपर्यंत शाळेत जाऊ लागे. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. ते घड्याळ मनगटावर असणे ही आमच्या तरुणपणी प्रतिष्ठेची खूण होती. (ती घड्याळ कंपनी बंद करण्यास सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली तेव्हा मला घरातले कुणी गेल्यासारखे वाटले होते.) आमच्या पिढीच्या अंगी फार धीर होता असे आम्ही नातवंडांना ऐकवतो, त्यात बढाई पुष्कळ आहे. दुसरा मार्गच नसल्यामुळे जो थांबतो त्याच्या थांबण्याला सद्गुण म्हणावे का? मग नातवासाठी मी खोटी टंचाई उभी करीत होतो, असेच कुणी म्हटले तर?

मला वाटते, टंचाई खोटी असली तरी करार खरा असू शकतो. तू एवढे कर, मी एवढे करीन, असे म्हणताना आपण मुलाला गरिबीचे सोंग दाखवीत नसतो. त्याला बरोबरीचा मानून त्याच्याशी व्यवहार करीत असतो. मात्र मग तो व्यवहार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. नेमके इथेच माझे पाऊल घसरले. पण ते सांगण्याआधी माझ्या वडिलांविषयी थोडे सांगितले पाहिजे.

मी १९७४ साली नववीत असताना एचएमटीच्या घड्याळासाठी पैसे जमवू लागलो. पहाटे वाडीत मोगऱ्याच्या कळ्या तोडायच्या, फुले दादरच्या बाजारात गेली की वडील माझ्या वाट्याचे नाणे मोजून बाजूला काढायचे. ते डबा वापरीत नसत. एका जुन्या पाकिटात माझे पैसे वेगळे, आणि पाकिटावर पेन्सिलीने आकडा. दुसऱ्या वर्षी पावसाने केळीची बाग आडवी केली. घरात रोकड नव्हती. एका संध्याकाळी वडील शेजारच्या वाडीत पैसे उसने मागायला गेले, तेव्हा ते पाकीट त्यांच्याच पेटीत होते. आईने ते सुचवलेही. "ते त्याचे आहेत," एवढेच ते म्हणाले आणि चपला घालून निघाले. शेजाऱ्यासमोर मान खाली घालणे त्यांना सोपे गेले नसणार. धीर, संयम, काटकसर असे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारीत डब्यात चौदाशे रुपये झाले होते. त्यात माझ्या बहिणीने नाताळात दिलेली पाचशेची करकरीत नोट होती. एका सकाळी नारळ उतरवणारा माणूस आला. त्याला रोख हवी होती, माझ्याकडे सुटे शंभरच होते. मी कपाट उघडले, डब्यातली ती नोट काढली आणि मनाशी म्हटले, संध्याकाळी ठेवू. ती संध्याकाळ तीन महिने आली नाही. मी विसरलो. पाचशे रुपये ही माझ्या लेखी सुट्या पैशांची सोय होती. त्याच्या लेखी ते पाच महिने होते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

मे महिन्यात गावच्या सणाला त्याने डब्यातून चारशे रुपये घेतले आणि तासाभरात उडवले. बर्फाचा गोळा, प्लास्टिकचा काळा चष्मा, दोन दिवसांत मोडलेली बंदूक. मी त्याला समोर बसवून चांगले अर्धा तास ऐकवले. मोगऱ्याच्या कळ्यांपासून एचएमटीपर्यंत सारे सांगून झाले. त्याने मान वर केली नाही. शेवटी म्हणाला, "डब्यात राहतात कुठे पैसे? कम्युनियनच्या पाकिटांचे पण तुम्ही सगळ्यांनी 'तुझ्या नावावर ठेवतो' म्हटले होते."

मी डबा आणला. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दर महिन्याची बेरीज मांडलेली होती. मार्चच्या पुढे आकडे नव्हते.

प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मुलाच्या हाती पडणाऱ्या पाकिटांचे पुढे काय होते, हे आपल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे. मंडप, जेवण, फोटोवाला यांत ती विरघळतात. त्यात कुणाची लबाडी नसते, पण मूल ते लक्षात ठेवते.

मुलांच्या धीराविषयी बोलणारे लोक अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा दाखला नेहमी देतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांपुढे खाऊ ठेवला आणि सांगितले, मी परत येईपर्यंत थांबलास तर दुप्पट मिळेल. मार्शमेलो नावाच्या मऊ मिठाईमुळे हा प्रयोग प्रसिद्ध झाला. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासात सरस ठरली असे आढळल्याचे सांगितले गेले, आणि जगभरच्या पालकांना उपदेशाला एक शास्त्रीय काठी मिळाली. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून हे पुन्हा तपासले, तेव्हा तो संबंध बराच क्षीण निघाला. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर त्यातले पुष्कळसे विरून गेले.

मला मात्र त्याहून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग बोचला. रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या अठ्ठावीस मुलांना आधी चित्र काढायला बसवले. झिजलेले खडू देऊन सांगितले, थोडे थांबलास तर चांगले आणून देते. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना "क्षमा कर, नाहीत" असे सांगितले. चिकटवायच्या चित्रांच्या बाबतीतही तसेच केले. मग तीच मिठाई पुढे ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, ज्यांची फसगत झाली होती ती तीन मिनिटे. पंधरा मिनिटांचा पूर्ण अवधी पहिल्या चौदांपैकी नऊ जण थांबले, दुसऱ्या चौदांपैकी एकच.

त्या तेरा मुलांना अधीर म्हणायचे का? मला ती शहाणी वाटतात. ज्या घरात उद्याचा भरवसा नाही तिथे आजचा खाऊ आज खाणे हाच विवेक. माझ्या नातवाने सणाच्या दिवशी तोच विवेक वापरला आणि मी त्याला उधळेपणा म्हटले. बचत हा मुळात विश्वासाचा व्यवहार आहे. वसईत १९१८ साली निघालेली पतसंस्था पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली, ती काय लोकांच्या नुसत्या काटकसरीवर? आपण ठेवलेला पैसा मागितल्यावर परत मिळतो, असा अनुभव आल्यावाचून कोणी दुसऱ्यांदा पैसे ठेवायला जात नाही.

कुणी म्हणेल, जग तर शब्द पाळणारे नाही. मग फसगत झाली तरी सोसण्याचे बळ मुलाला नको का? हवे. संत थॉमस अक्विनास यांनी 'सुम्मा'मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. दुःखाने मन खचू न देणे ही सहनशीलता; आणि दूरवरच्या चांगल्या गोष्टीकडे आशेने मन लावून राहणे, ज्याला लॅटिनमध्ये लाँगानिमितास म्हणतात, हा दुसरा गुण. तो अक्विनासना सहनशीलतेपेक्षा मनाच्या थोरवीला अधिक जवळचा वाटतो, कारण त्याचा संबंध आशेशी आहे. घड्याळासाठी पैसे साठवणारे मूल हा दुसरा गुण गिरवीत असते. त्याची आशाच आपण काढून घेतली, तर त्याच्यापाशी उरते ते नुसते सोसणे.

आणि हे सोसणे बाहेरून फार गोंडस दिसते. मार्च ते मे माझा नातू पैसे कमी झाल्याचे एका शब्दाने बोलला नाही. त्या तीन महिन्यांत मी शेजाऱ्यांना सांगत होतो, पोरगा किती समजूतदार झाला आहे, घड्याळाचे नावसुद्धा काढत नाही! त्याने घड्याळाची आशा सोडली होती आणि माझी तक्रार करण्यात अर्थ नाही असे ठरवले होते. मुकाट राहणारे मूल आपल्याला गुणी वाटते, कारण त्याचा आपल्याला त्रास नसतो. ते धीराने गप्प आहे की निराशेने, याची चौकशी करण्याची गरज आपल्याला भासत नाही. आमच्या पिढीत अशी किती गुणी मुले होऊन गेली असतील, कोण जाणे.

त्या रात्री मी त्याची क्षमा मागितली. वडीलधाऱ्याने नातवाची क्षमा मागावी का, असा प्रश्न घरात निघाला. तो मी सोडून दिला. पाचशेच्या नोटेवर पाचचे नाणे ठेवले आणि सांगितले, पोस्टाच्या बचत खात्यात चार टक्क्यांनी तीन महिन्यांचे व्याज एवढेच होते. त्याने कागदावर हिशेब करून पाहिला, बरोबर आल्यावर नाणे खिशात टाकले आणि नोट डब्यात. कम्युनियनच्या पाकिटांचे पैसे त्याच्या बापाने अजून भरलेले नाहीत. ती बोलणी चालू आहेत.

करार पुन्हा सुरू झाला आहे. झाकणावर जूनपासून आकडे दिसू लागले, म्हणजे मला शेवटचे दिसले तेव्हा ते जूनपर्यंतचे होते. डबा आता माझ्या कपाटात नसतो. तो कुठे ठेवला आहे हे त्याने सांगितलेले नाही, आणि मीही अजून विचारलेले नाही.