लस टोचून घेणें हा अविश्वास आहे काय?



पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या कारखान्यांच्या पट्ट्यांत आमच्या खेड्यांतील पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं जाऊन राहिलीं आहेत. त्यांतील कित्येक भगिनी इस्पितळांत परिचारिका, आया किंवा झाडलोट करणाऱ्या आहेत. अशांनीं हिपॅटायटिस बी, म्हणजे 'ब' काविळीची लस टोचून घ्यावी असें डॉक्टर सांगतात, तेव्हां कोणी पुसतो, "राखणारा प्रभु असतां सुई कशाला?" हा प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये, तो भाविक मनांतूनच निघतो.

परंतु सैतानानें प्रभूस मंदिराच्या शिरोभागीं नेऊन खालीं उडी टाक म्हटलें, तेव्हां प्रभूनें उडी टाकली नाहीं. जेथें उतरावयास जिना आहे तेथें उडी टाकणें हा विश्वास नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणें होय.

1897 सालीं पुण्यांत प्लेग असतां सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या. त्याच वर्षीं जानेवारींत मुंबईस हाफकिन साहेबांनीं प्लेगची लस प्रथम आपल्याच अंगांत टोचली. म्हणजे उपाय नुकताच जन्मास येत होता. सावित्रीबाईंच्या मरणास आम्ही बलिदान म्हणतों. हाताशीं असलेला उपाय झिडकारून ओढवून घेतलेल्या दुखण्यास तें नांव शोभत नाहीं.

शिवाय हें दुखणें एकट्याचें राहत नाहीं. तें रक्तावाटे लागतें. वाळलेल्या रक्तांतही त्याचा विषाणू निदान सात दिवस टिकतो. कांहींच्या अंगीं तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें राहून यकृत नासवितो, आणि बाळंतपणांत आईकडून मुलासही लागतो. मग "माझा जीव, माझी मर्जी" असें कोणत्या मातेनें म्हणावें?

तथापि माझें मन दुसऱ्याच गोष्टीनें अधिक अस्वस्थ होतें. लस नको म्हणणारे थोडे. जिला कोणी विचारलेंच नाहीं अशी झाडणारी बाई मात्र सहज विसरली जाते. कचऱ्याच्या पिशवींतून बाहेर आलेली सुई डॉक्टरास नव्हे, तिला बोंचते. 2016 च्या सरकारी नियमाप्रमाणें असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांस ही लस देणें इस्पितळावर बंधनकारक आहे. ती ठेकेदाराची माणूस आहे, ही सबब तेथें चालत नाहीं.

लस तीन वेळां घ्यावयाची: पहिली, महिन्यानें दुसरी, सहा महिन्यांनीं तिसरी. मधेंच ठेका बदलला कीं तिसरी राहून जाते. सुई बोंचलीच तर जखम साबणपाण्यानें धुवावी, चोखूं नये, व त्याच दिवशीं वरिष्ठांस कळवावें. उपदेशकांनीं घरभेटीस जातांना प्रार्थनेपूर्वीं एवढें अवश्य पुसावें: बाई, तुमची तिसरी टोचणी झाली काय, आणि तिचा कागद कोठें आहे?