परतफेड न करू शकणाऱ्याला



आजचं चिंतन: गीता, अध्याय 17, श्लोक 20. सात्त्विक दान कोणतं, हे भगवंत इथे सांगतात. त्यातला एकच शब्द आज मनात धरू: 'अनुपकारी'. म्हणजे जो आपल्याला काहीच परत देऊ शकत नाही, असा.

आपण दान करतानाही थोडं 'रिटर्न' बघतो ना? पावती, नाव, निदान एक थँक्यू.

आता हे बघा. इस्रायलमधल्या होलोन शहरात डॉ. अमी कोहेन यांनी 1995 मध्ये 'सेव्ह अ चाइल्ड्स हार्ट' सुरू केलं. सुरुवात इथिओपियाच्या मुलांपासून झाली. जिथे लहान मुलांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊ शकत नाही, अशा देशांतली लेकरं तिथे बरी झाली. गाझा आणि वेस्ट बँकमधलीसुद्धा! बाहेर वैर, आत ऑपरेशन टेबलावर फक्त एक इवलंसं हृदय. ते लेकरू काय परतफेड करणार?

शिवाय टांझानियासारख्या देशांतले डॉक्टर तिथे शिकून मायदेशी परततात. म्हणजे उद्याच्या लेकराला आपल्याच देशात उपचार मिळावेत. घेणाऱ्याला कायम घेणाराच ठेवत नाही, ते दान खरं.

आज एवढंच करूया: जिथून काहीच परत येणार नाही, तिथे काहीतरी देऊया. आणि स्टेटसला टाकायचं नाही बरं का!

राम कृष्ण हरी 🙏