सेवेच्या शिबिरात पुढारी घडतो काय?

सज्जनहो, दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली की तरुणांच्या शिबिरांची बोलावणी येऊ लागतात. कोठे श्रमसंस्कार शिबिर, कोठे युवक नेतृत्व शिबिर, कोठे राष्ट्रसेवेचे प्रशिक्षण. आपल्या घरातली पोरेपोरी पिशवीत दोन कपडे, ताट-वाटी आणि एक पांघरूण घालून निघतात व आठ दिवसांनी उन्हाने रापलेल्या तोंडाने परत येतात. काय शिकलात म्हणून विचारले तर सांगतात, ‘नेतृत्व शिकलो.’ हे ऐकून आनंद मानावा की थोडी काळजीही करावी, याचा विचार वारकऱ्याने अवश्य केला पाहिजे. उद्याचा गाव याच पोरांच्या हाती जायचा आहे.

अडचण अशी आहे. देशाची सेवा करावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याला सेवक व्हायचे असते. सेवक म्हणजे दुसऱ्याच्या सोयीने उठणारा आणि दुसऱ्याच्या गरजेने बसणारा. नेता तर पुढे चालतो आणि लोक त्याच्याकडे पाहतात. मग ‘आपण लोकांच्या पायाशी बसू’ आणि ‘लोक आपल्या मागून येतील’, या दोन्ही गोष्टी एका कोवळ्या मनाला एकाच आठवड्यात कशा शिकवायच्या? बहुधा होते असे, की पहिली गोष्ट भाषणात राहते आणि दुसरी अंगात मुरते.

तरी शिबिरे वाईट, असे कोणी समजू नये. या शिबिरांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाचे काम सुरू झाले. शाखा, शिबिरे आणि कलापथके यांतून महाराष्ट्रातली एक पिढी घडली. पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले हे आपल्याला ठाऊकच आहे. पण त्याआधी काही महिने सेवा दलाचे कलापथक बरोबर घेऊन गुरुजी गावोगाव हिंडले, लोकांना विनवीत फिरले, हे विसरून चालणार नाही. एका माणसाच्या उपोषणामागे त्या तरुणांची ही सारी पायपीट होती.

पुढे १९६७ साली बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना निघाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि एखाद्या गावात सात दिवसांचे शिबिर, असा तिचा नेम. ‘मी नव्हे, तर तुम्ही’ अशा अर्थाचे तिचे ब्रीद आहे. चंबळच्या खोऱ्यात जौरा येथे आश्रम काढून एस. एन. सुब्बराव यांनीही देशभर तरुणांची शिबिरे भरविली. त्याच जौऱ्याला एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या समक्ष दरोडेखोरांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे शस्त्रे ठेवली. तेव्हा शिबिराला हसू नये. त्यात काय शिकवावे, एवढाच आपला प्रश्न आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘महाराज, तुम्ही उगाच शब्दाचा कीस काढता. पुढारी लागतातच. चांगल्या माणसाने मागे राहायचे ठरवले म्हणून पुढची जागा रिकामी राहते काय? तेथे दुसरा कोणी तरी येऊन बसतो, आणि तो कसा असेल याचा भरवसा नाही.’ हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ‘आपण काय, साधी माणसं’ असे म्हणून ग्रामसभेला न जाणारे सज्जन आपण रोज पाहतो. त्यांच्या त्या बोलण्यात नम्रता किती आणि अंगचोरी किती, हे त्यांच्या मनालाच ठाऊक. भित्रेपणाला नम्रतेचा अंगरखा फार चांगला बसतो! गावच्या विहिरीत घाण पाणी जात असताना जो गप्प बसला, त्याला निरहंकारी म्हणता येत नाही. म्हणून कोणी तरी उठले पाहिजे, बोलले पाहिजे, चार माणसे गोळा केली पाहिजेत. एवढ्यापुरते नेतृत्व हेही सेवेतलेच एक काम आहे.

मग अडले कोठे? ते काम हाती कसे धरावे, येथे अडले. याचा धडा आपल्या दिंडीत आणि सप्ताहात रोज डोळ्यांपुढे असतो. सप्ताहात वीणेचे पहारे लावलेले असतात. ज्याचा पहारा, त्याच्या गळ्यात वीणा. तो उभा असतो म्हणून भजन अखंड चालते. वेळ भरली की दुसरा पुढे येतो. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. वीणा खाली ठेवायची नाही आणि आपल्याच गळ्यात कायमची ठेवायचीही नाही. पहारा टाळणारा जसा चुकला, तसा पहारा संपल्यावर वीणा न सोडणाराही चुकला. नेतृत्वाचे शास्त्र याहून निराळे नाही. ज्याला पुढारीपण हवे आहे त्याला आधी विचारावे, ‘बाबा, तू हे कोणाच्या हाती देणार आहेस? त्याची तयारी करून घेतलीस काय?’ ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याची सेवा हळूहळू मालकी होते.

एक दृष्टांत घेऊ. असे समजा, की शहरातली पन्नास मुले एका गावी आली. सात दिवस घाम गाळून त्यांनी ओढ्यावर दगडमातीचा बंधारा घातला. शेवटच्या दिवशी पाहुणे आले, हार झाले, फोटो निघाले, कोनशिलेवर नाव लागले. पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्यात गाळ भरला, एका बाजूने माती खचली. गावकरी काय म्हणतील? ‘पोरांचा बंधारा वाहून गेला.’ पोरांचा! त्यांचा नव्हेच. कारण जागा पोरांनी ठरविली, दगड पोरांनी रचले, आणि गाव ओट्यावर बसून बघत राहिला. आता तीच मुले पहिले दोन दिवस गावात नुसती हिंडली असती, ओढ्याचे पाणी कोणत्या बाजूला चढते हे एखाद्या म्हाताऱ्याला विचारले असते, घरटी एक माणूस बरोबर घेतला असता, तर बंधारा कदाचित अर्धाच झाला असता. पण मुले गेल्यावर राहिलेला अर्धा गावाने केला असता, आणि गाळ काढायला कोणाची वाट पाहावी लागली नसती. शिबिराची खरी परीक्षा मुले गेल्यावर, आठव्या दिवसापासून सुरू होते.

सोमनाथच्या छावणीचे मोल येथे कळते. समाजाने ज्यांना गावाबाहेर टाकले होते, ते कुष्ठरोगातून बरे झालेले लोक तेथे जमीन कसत होते. कॉलेजची मुले त्या मातीत राबायला गेली. कुदळ धरण्यात कोण गुरू आणि कोण शिष्य, हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही. ज्याच्यावर दया करायला आपण आलो त्याच्याकडूनच शिकावे लागले, म्हणजे सेवकपणातला ताठा आपोआप मोडतो. व्याख्यानाने तो मोडत नाही.

दुसरी गोष्ट शिस्तीची. शिबिरात शिट्टी वाजली की उठायचे, ओळीत चालायचे. हे हवेच. शिस्त नसेल तर पन्नास माणसांची भाकरीसुद्धा वेळेवर होत नाही. परंतु नुसती आज्ञा पाळण्याची सवय लागलेला तरुण उद्या कोणाच्याही शिट्टीवर चालेल. कोणी त्याला शेजाऱ्याच्या अंगावर घातले तर तेथेही तो ओळीतच जाईल! आपल्या वारीतली रीत पाहा. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि एवढा लाखांचा समुदाय क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तेथे जातो, ऐकून घेतो. केवढी थोर गोष्ट आहे ही! सर्वांना गप्प करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्यावरच न गप्प झालेल्याकडे चालत जाण्याचे ओझे. प्रत्येक शिबिरात हा टाळ असला पाहिजे. ‘ताई, हे मला पटत नाही’ असे सर्वांत लहान मुलीला मोकळेपणी म्हणता आले पाहिजे, आणि शिबिरप्रमुखाने उठून तिच्याकडे गेले पाहिजे. असे ज्याने पाहिले तो तरुण पुढे सरपंच होवो, शिक्षक होवो की अधिकारी, टाळ वाजला तर त्याचा राग त्याला येणार नाही.

तेव्हा नेतृत्व शिकवता येते काय, याचे उत्तर असे, की त्याची भाषणे पाठ करून ते येत नाही. पण स्वयंपाकाची भांडी घासताना, संडास झाडताना, दुसऱ्याचे पुरते ऐकून घेताना आणि आपल्या हातचे काम दुसऱ्याच्या हाती सुखाने देताना ते अंगी येते. गाडगेबाबांनी शिबिराचे प्रमाणपत्र कोठून आणले होते? ते गावात शिरले की आधी झाडू हाती घेत. लोक मागून येत. पण लोक मागून यावेत म्हणून तो झाडू नव्हता.

अलीकडे वारीच्या वाटेवर राष्ट्रीय सेवा योजनेची मुलेमुली पालखी पुढे गेल्यावर मागे राहिलेला कचरा उचलताना दिसतात. माउलींनो, त्यांचे कौतुक करून नुसते पुढे जाऊ नका. आपली पत्रावळ आपण उचला, जमले तर घटकाभर त्यांच्याबरोबर हात लावा, आणि त्यांना विचारा, की पोरांनो, तुमच्या गावी हे काम कोण करतो? पोर विचारात पडले तर समजा, त्याचे शिबिर त्या क्षणी सुरू झाले. आणि त्याने उलट आपल्यालाच विचारले, ‘आजोबा, तुमच्या गावी कोण करतो?’ तर रागावू नका. उत्तर द्यायची पाळी आपली आहे.