इहसान की निर्दोषतेचा हट्ट?

आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयांत यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा की २५ मिलिमीटरचा शाफ्ट प्रत्यक्षात किती मिलिमीटरचा असतो. तो सांगेल, ड्रॉइंगवर २५ च्या पुढे अधिक-उणे चिन्हासह एक लहानसा आकडा असतो, समजा ०.०२, त्या मर्यादेत बसलेला नग पास. चाकणच्या गाड्या याच टॉलरन्सवर धावतात. अगदी तंतोतंत २५ चा शाफ्ट कोणत्याही लेथवर निघत नाही.

हाच मुलगा स्वतःला मात्र एवढी सूट देत नाही. प्रोजेक्टचा अहवाल पहिल्या वाक्यापासून निर्दोष हवा, म्हणून तो लिहायलाच बसत नाही. न लिहिल्याची टोचणी लागते, ती विसरण्यासाठी मोबाईल उघडतो. रात्रीचे दोन वाजतात, फजर जाते. घरचे त्याला आळशी म्हणतात. माझ्या मते हे निदान चुकीचे आहे. आळशाला कामाची पर्वा नसते. याला ती इतकी आहे की कामाला हात लावण्याचीच धास्ती वाटते. नेट काढून घेतले तर ही धास्ती दुसरी पळवाट शोधते.

आपल्या उलेमांना हा रोग परिचित होता. ते त्याला वसवसा म्हणत. हिजरी ५९७ मध्ये (इ.स. १२०१) बगदादेत निधन पावलेले इब्नुल जौझी यांनी ‘तलबीस इब्लीस’ या ग्रंथात अशा नमाजींची दखल घेतली आहे, जे समाधान होईना म्हणून वुजू लांबवत राहतात, नियत मनासारखी जुळेना म्हणून तकबीर पुन्हा पुन्हा उच्चारतात. अचूकतेच्या नादात इबादतच हुकावी, हा सैतानाचा डाव त्यांनी बरोबर ओळखला.

मग प्रत्येक काम उत्तम करण्याची, इहसानची, शिकवण कुठे राहिली? प्रश्न रास्त आहे. जिब्रील (अ.) यांच्या प्रसिद्ध हदीसचा आशय आठवा: अल्लाह समोर दिसत असल्याप्रमाणे त्याची उपासना करावी, तसे साधले नाही, तर तो आपल्याला पाहतो आहे याचे भान असावे. न साधण्यालाही तिथे जागा आहे. आणि पाहणारा एकच आहे. मोबाईलच्या पडद्यावर पाहणारे हजार, आणि प्रत्येकाचे मोजमाप वेगळे.

नमाजचेच पाहा. प्रेषितांनी (स.) एकदा चारऐवजी दोन रकअतींवर सलाम फेरला. जुल-यदैन या सहाबींनी ते लक्षात आणून दिले, तेव्हा त्यांनी उरलेल्या रकअती पूर्ण करून सजदा-ए-सहू केला. नमाज पहिल्यापासून पुन्हा अदा केली नाही. विसराची भरपाई शरीयतने नमाजमध्येच बसवली आहे.

दोष सगळा मुलांच्या माथी मारता येणार नाही. गाव सोडून या औद्योगिक पट्ट्यात आलेल्या, रात्रपाळ्या करून मुलाला इंजिनिअर करू पाहणाऱ्या बापाची तळमळ समजते. पण ८७ टक्के घेऊन आलेल्या मुलाला तो पहिला प्रश्न विचारतो, उरलेले १३ कुठे गेले? थोडे असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय असते, हे जुम्याच्या बयानात आपण सारेच ऐकतो. रोज एक पान चुकतमाकत लिहिणाऱ्या मुलाची त्याच घरात कोणी पाठ थोपटल्याचे मात्र क्वचितच दिसते.