कोठाराची किल्ली

पऱ्हे टाकायचे दिवस आले की धानकऱ्याच्या ढोलीचा तळ दिसू लागतो. तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचं नाकाडोंगरी काही याला अपवाद नाही. बियाणं हवं, खायला तांदूळ हवा आणि नवं धान यायला अजून चार-पाच महिने. धानपट्ट्यातला वाढीदिढीचा व्यवहार याच अडचणीवर पोसला. सवाईनं घेतलं तर खंडीला सव्वा खंडी फेडायची, दिढीनं घेतलं तर दीड.

बाराव्या शतकात चीनच्या फूजियान प्रांतातल्या डोंगराळ मुलखात हीच कोंडी होती. तिथं चू शी नावाचा विद्वान राहत होता. कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरची त्याची भाष्यं पुढं कित्येक शतकं चिनी अधिकाऱ्यांच्या परीक्षांना लावलेली होती. मला मात्र भाष्यकारापेक्षा कोठार बांधणारा चू शी जवळचा वाटतो. 1168 च्या दुष्काळात त्यानं सरकारकडून 600 शी (तिकडचं धान्याचं माप) तांदूळ मागून घेतला आणि लोकांना उसना वाटला. सुगीला परत आलेला तांदूळ गावातच ठेवायची परवानगी मिळवली, 1171 त कोठार बांधलं. व्याज शेकडा 20, म्हणजे आपल्या सवाईहून थोडंच कमी. पण पीक थोडं बुडालं तर व्याज निम्मं, दुष्काळ पडला तर माफ. चौदा वर्षांत सरकारचे 600 फिटले, वर 3,100 शी शिल्लक राहिले. मग व्याजच बंद. शीमागं फक्त तीन टक्के तूट घ्यायची.

त्याच्या शंभर वर्षं आधी वांग आन्-शी या मंत्र्यानं शेतकऱ्यांना सरकारी कर्ज दिलं होतं आणि ते अंगलट आलं होतं. चू शीनं त्याच्या मूळ हेतूला नावं ठेवली नाहीत. त्याची तक्रार वेगळी: धान्याऐवजी पैसा दिला, गावाऐवजी तालुक्याला ठेवला आणि किल्ली गावातल्या भल्या माणसांऐवजी अधिकाऱ्यांकडं दिली. अर्थात भली माणसं दर पिढीत मिळतीलच असं नाही. पुढं शतकभरात काही ठिकाणी हीच कोठारं गरिबांच्या मानेवरचं जोखड झाली.

आपल्याकडं शिवाजी महाराजांनी सप्टेंबर 1676 मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र याच जातकुळीचं. गावोगाव फिरा, ज्याच्याकडं बैल नाही त्याला बैलासाठी पैसा द्या, खायला खंडी-दोन खंडी दाणे द्या. वसूल फक्त मुद्दल, तेही त्याला ताकद येईल तसतसं. त्यासाठी दोन लाख लारींपर्यंत (लारी हे तेव्हाचं नाणं) खर्चाची मुभा. कोकणातल्या सुभ्याला लिहिलेलं हे पत्र वैनगंगेकाठच्या धानकऱ्यालाही शब्दन् शब्द कळेल.

आज तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी मिळतं, ही मोठीच गोष्ट आहे. अट एकच, फेड वेळेत हवी. पण खरेदी केंद्रावर दिलेल्या धानाचे चुकारे लांबले तर फेड वेळेत व्हायची कशी? एका खिडकीवर सरकार देणेकरी, शेजारच्या खिडकीवर तारीख चुकली म्हणून शेतकरी थकबाकीदार. गावातच कोठार असतं तर किल्ली सांभाळणाऱ्याला निदान एवढं माहीत असतं, की याचं धान केंद्रावर जाऊन पडलंय आणि पैसे अजून यायचेत.