माळ आणि मांसरस

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि मागच्या पडवीत शेगडीवर कोंबडीची हाडं उकळताहेत. करमाडच्या आमच्या स्वयंपाकघरात हे चालत नाही. नातू तापातून उठलाय. त्याला मोबाइलवर पाहिलेलं दाट, पांढरं, नूडल्सचं सूप हवंय.

मंद आचेवर तासभर ठेवायचं, फेस काढत राहायचा. मग लोण्यावर मैदा परतून त्यात हे पाणी थोडं थोडं ओतायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. नूडल्सऐवजी घरच्या गव्हाच्या शेवया. साय अगदी शेवटी, खाली उतरवून, उकळत्यात फाटते.

मांस न खाण्याचं माझं व्रत जिभेचं की हाताचं? चरकाने क्षीण माणसाला मांसरस सांगितलाय, पण वैद्याची परवानगी म्हणजे धर्माची नव्हे. कोंबडीच्या जिवाचा हिशेब माझ्या न खाण्याने फिटत नाही, एवढं मला कळतं. पैठण आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या संत एकनाथांनी कावडीतलं गंगाजल तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही कथा कीर्तनात ऐकताना सगळे माना डोलावतात. पण तिथे पाणी गेलं, जीव नाही गेला.

माळ काढून ठेवावी असं क्षणभर वाटलं. पण काढून करायचं म्हणजे देवापासून लपवायचं, म्हणून राहू दिली. मीठ मात्र चाखता येईना. सुनेला हाक मारली.

"कमी आहे, आत्या."

आणखी चिमूटभर टाकलं. नाथषष्ठीला पैठणला गेले की महाराजांना विचारणार आहे. काय म्हणतील याचा अंदाज आहे, तरी विचारणारच.